पानावरची अळी, उकिरड्यातली अळी

लिंबू फुलपाखरू आणि घरमाशी या दोघांची शास्त्रीय नावं एकाच माणसानं, एकाच ग्रंथात दिली. स्वीडनच्या कार्ल लिनियसनं १७५८ साली ‘सिस्टेमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती काढली, तिच्यात फुलपाखराला ‘पॅपिलिओ डेमोलिअस’ आणि माशीला ‘मस्का डोमेस्टिका’ म्हटलं. तेव्हापासून दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. फुलपाखरू छंदिष्टांच्या, छायाचित्रकारांच्या आणि निसर्गमंडळांच्या वाट्याला आलं. माशी आरोग्य खात्याच्या आणि फवारणीवाल्यांच्या. दोघांवर लिहिलं गेलेलं विपुल आहे, पण ते शेजारी शेजारी ठेवून क्वचितच वाचलं जातं. तसं वाचलं तर काय दिसतं, हे इथे पाहायचं आहे.

जोडी मुद्दाम साधी घेतली आहे. महाराष्ट्रानं २०१५ साली ‘ब्लू मॉरमॉन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला, पण ते प्रत्येकाच्या दारात येईलच असं नाही. त्याचं भावंड असलेलं लिंबू फुलपाखरू मात्र कुंडीत कढीपत्त्याचं एखादं रोप असलेल्या गॅलरीतही येतं. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके आणि पट्टे, मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी लाल डाग, शेपटी नाही. पंख पसरले की आठ ते दहा सेंटिमीटर. घरमाशी सहा-सात मिलिमीटरची, करडी, पाठीवर चार उभे काळे पट्टे. हे पट्टे पाहायची सवय लावून घ्यावी, कारण घरात येणारी प्रत्येक माशी घरमाशी नसते. हिरव्या-निळ्या चकाकीच्या माश्या वेगळ्या, आणि गोठ्यात जनावरांचे पाय चावून रक्त काढणारी माशी तर दिसायला हुबेहूब घरमाशी असूनही वेगळी. घरमाशी चावू शकत नाही; तिच्याकडे त्यासाठी हत्यारच नाही.

नात्यापासून सुरुवात करू. दोघंही पूर्ण रूपांतर होणारे कीटक: अंडं, अळी, कोष, प्रौढ. कीटकांच्या वंशवृक्षात फुलपाखरं-पतंगांचा गण आणि माश्या-डासांचा गण एकाच मोठ्या फांदीवर येतात. म्हणजे घरमाशीला मधमाशीपेक्षा फुलपाखरू जवळचं. मधमाशी मुंग्या-गांधीलमाश्यांच्या गणातली, तिची फांदी आधीच फुटलेली. दोन्ही गणांचा विस्तारही तोडीस तोड आहे. माश्या-डासांच्या गणात दीड लाखाहून अधिक जातींची नोंद झाली आहे, आणि फुलपाखरं-पतंगांच्या गणातही तितकीच. मात्र त्यातली फुलपाखरं साधारण अठरा-एकोणीस हजार, बाकी सगळे पतंग.

पंखांपाशी दोघांची तोंडं दोन दिशांना होतात. फुलपाखराला चार पंख आहेत आणि त्यांवर खवल्यांची कौलं रचलेली आहेत. हाताला लागते ती पावडर म्हणजे हे खवले. रंग त्यांच्यातच असतो, आणि ते सहज सुटतात हेही फुलपाखराच्या पथ्यावर पडतं: कोळ्याच्या जाळ्यात अडकलं की खवले जाळ्याला चिकटून राहतात आणि फुलपाखरू निसटू शकतं. माशीला उडायचे पंख दोनच. मागच्या जोडीचं रूपांतर बोथट टोकाच्या दोन इवल्या दांड्यांत झालं आहे. उडताना त्या पंखांच्या उलट तालात हलतात आणि शरीर कुठे वळलं, कुठे कललं याची खबर मेंदूला क्षणाक्षणाला देतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम डरहॅम या इंग्रज धर्मोपदेशकानं या दांड्या काढून पाहिल्या, तर माशीला तोल सावरता येईना. यंत्रांत दिशा सांगणारे जायरोस्कोप माणसानं बनवले ते पुढच्या शतकात. घरमाशी सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा पंख मारते, मोठं फुलपाखरू दहा-बारा वेळा. फुलपाखराच्या हेलकाव्यांना आपण डौल म्हणतो, पण तो डौल पक्ष्याची चोच चुकवण्याच्या कामी येतो. माशी मात्र छतावर उलटी उतरते, आणि तिथे पायांच्या गाद्यांवरच्या केसांतून पाझरणाऱ्या द्रवाच्या बळावर चालते.

डोळ्यांतही असंच. घरमाशीच्या प्रत्येक डोळ्यात तीन-चार हजार नेत्रिका असतात. तिची खासियत वेगात आहे. सेकंदाला साठेक वेळा लुकलुकणारा दिवा आपल्याला सलग पेटलेला दिसतो. माशीला दोनशेच्या वरची लुकलुकही सुटी सुटी दिसते. आपला हात तिच्या दृष्टीनं सावकाश येत असतो. नराच्या डोळ्यांच्या वरच्या-पुढच्या भागात तर उडणारी मादी टिपण्यासाठी खास राखलेला पट्टा असतो. लिंबू फुलपाखराचं जपानी भावंड ‘पॅपिलिओ झुथस’ याच्यावर केंतारो अरिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं काम केलं. त्याच्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे सहा प्रकार सापडले, आणि आपली रंगदृष्टी तीन मूळ रंगांवर चालते तिथे त्याची चारांवर, अतिनील धरून. फुलाचा रंग ते शिकतं आणि लक्षात ठेवतं. एकाला काळ बारीक कापता येतो, दुसऱ्याला रंग.

तोंडाची गोष्ट थोडक्यात आटोपता येईल. फुलपाखराची सोंड दोन अर्ध्या नळ्यांची. कोषातून बाहेर आल्या आल्या ते त्या एकमेकींत अडकवून एक नळी करतं, आणि हे जमलं नाही तर उपाशी मरतं. माशीच्या सोंडेच्या टोकाला बारीक खाचांचे दोन मऊ पाळे आहेत. साखरेचा कण ती आधी लाळेनं, कधी पोटातलं बाहेर काढून भिजवते, मग टिपते. तिचं हे बाहेर काढणं पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

पायांपाशी दोघं पुन्हा एकत्र येतात. दोघंही पायांनी चव घेतात. अमेरिकेत ड्वाइट मिनिच यांनी १९२०च्या दशकात हे फुलपाखरांवर प्रयोग करून दाखवलं, पुढे माश्यांवरही असंच काम झालं: पाय साखरेच्या पाण्याला लागला की सोंड आपोआप पुढे येते. पण त्या चवीचा उपयोग दोघं कशासाठी करतात ते पाहिलं, की तुलनेचा खरा धागा हाती लागतो.

लिंबू फुलपाखराची मादी कढीपत्त्यावर आली की जवळ उभं राहून पाहावं. ती बसते म्हणण्यापेक्षा टेकते. पंख थरथरत ठेवून पुढच्या पायांनी पानावर भराभरा टपटप करते. जुनं, जाड पान असेल तर उडून दुसऱ्यावर जाते. कोवळं, तांबूस पालवीचं पान लागलं की पोट वाकवून त्याच्यावर एक अंडं चिकटवते. एकच. फिकट पिवळं, मोहरीहून लहान. मग दुसरी फांदी, बऱ्याचदा दुसरं झाड. ही टपटप म्हणजे चव घेणं आहे. लिंबाच्या कुळातल्या पानांमध्ये सिनेफ्रीन नावाचं द्रव्य असतं, आणि जपानी भावंडाच्या पुढच्या पायांत ते ओळखणारा ग्राही कोणता, हे २०११ साली नक्की झालं. लिंबू, मोसंबी, संत्रं, कढीपत्ता, बेल एवढ्याच काही झाडांवर या अळीचं पोट भरतं. आईनं चुकीचं पान निवडलं तर अळी मेलीच.

घरमाशीची मादी शेणाच्या ढिगावर, कोंबड्यांच्या विष्ठेवर, ओल्या कचऱ्यावर उतरते. तिला ओल हवी, ऊब हवी आणि कुजायला लागलेलं काहीतरी हवं. फटीत शिरून ती एका बैठकीत शंभर-सव्वाशे पांढरी लांबट अंडी घालते, आणि आयुष्यात अशा चार-पाच बैठका होतात.

या दोन कीटकांतले बहुतेक फरक इथून निघतात, असं माझं स्पष्ट मत आहे. आपण प्रौढ कीटक पाहून मत बनवतो, कारण डोळ्यांसमोर तोच असतो. पण कीटकाचं आयुष्य अळीच्या जेवणावर ठरतं. प्रौढाचं काम मुख्यतः पुढच्या अळीला योग्य ताटावर नेऊन बसवण्याचं. एक ताट जिवंत पानाचं आहे, दुसरं कुजण्याचं.

पान हे टिकाऊ पण कंजूष अन्न. त्यात नत्र कमी, चोथा जास्त, वर झाडानं स्वतःच्या रक्षणासाठी भरलेली रसायनं. त्यामुळे वाढ सावकाश होते आणि अळीला दोन आठवडे उघड्यावर काढावे लागतात. तिच्या सगळ्या युक्त्या या दोन आठवड्यांसाठी आहेत. पहिले चार टप्पे ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते: काळपट तपकिरी, मध्ये पांढुरका पट्टा, ओलसर चकाकी. पाचव्या टप्प्यात एका कातेबरोबर ती हिरवीगार होते, कारण आता ती विष्ठेपेक्षा बरीच मोठी झालेली असते आणि ते सोंग शोभत नाही. हा बदल एका संप्रेरकाचं प्रमाण घटल्यानं होतो, हे ‘पॅपिलिओ झुथस’वरच २००८ साली दाखवून दिलं गेलं. तरीही कुणी डिवचलंच, तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि आंबूस उग्र वास सुटतो. काडीनं हलकेच स्पर्श करून हे पाहता येतं. पुन्हा पुन्हा मात्र करू नये, तिला त्याची किंमत मोजावी लागते. मुंग्या आणि कोळी या वासानं मागे हटतात. अंड्यात अंडं घालणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्यांपुढे आणि अळीवर अंडी देणाऱ्या परजीवी माश्यांपुढे मात्र यातलं फारसं काही चालत नाही. फुलपाखरांची संख्या आटोक्यात ठेवणाऱ्यांत माशीचेच नातेवाईक आहेत, हे फुलपाखरांच्या लेखांत अभावानंच येतं.

कुजणारं अन्न याच्या अगदी उलट. ते सकस असतं, पण आठवडाभरात सुकतं, आंबतं, संपतं. म्हणून घाई. अंडं उन्हाळ्यात दिवसाच्या आत फुटतं. अळीला पाय नाहीत, डोकं म्हणावं असं डोकं नाही. तोंडाशी दोन काळे आकडे आणि मागच्या टोकाला श्वासाची छिद्रं. पुढचं टोक राड्यात बुडवून ती मागच्या टोकानं श्वास घेते, म्हणजे खाणं थांबवायला नको. रंगरूपाच्या युक्त्यांवर तिनं काही खर्च केलेला नाही, कारण ती अन्नाच्या आतच राहते. आणि ती खाते काय? शेण, असं आपण म्हणतो. पण जंतू मारून निर्जंतुक केलेल्या शेणावर घरमाशीची अळी वाढत नाही. तिचं खरं अन्न शेणातले जिवाणू आहेत. शेण हे त्यांचं शेत. घरमाशीचा जनुकसंच २०१४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकांचा तिच्याकडचा मोठा साठा उठून दिसला. जंतूंत बसून जंतू खाणाऱ्याला तो हवाच.

चार-सहा दिवसांत अळी पोसते, ढीग सोडून कोरड्या कडेला सरकते आणि स्वतःची शेवटची कात न टाकता तीच कडक करून तिच्या आत कोषात जाते. तांदळाच्या दाण्याएवढ्या तपकिरी कुप्या उकिरड्याच्या कडेला मातीत सापडतात त्या याच. बाहेर पडताना माशी कपाळावरची एक पिशवी फुगवून कुपीचं टोपण उडवते. कडक उन्हाळ्यात अंड्यापासून माशीपर्यंत सात ते दहा दिवस पुरतात. लिंबू फुलपाखराला तेवढ्याच प्रवासाला तीन-चार आठवडे लागतात. त्याचा कोष डहाळीला रेशमाच्या कमरपट्ट्यानं बांधलेला, आजूबाजूला काय आहे त्यानुसार हिरवा किंवा तपकिरी. प्रौढ झाल्यावर मात्र माशी दोन-तीन आठवडे सहज काढते आणि फुलपाखराला बहुधा तेवढंही मिळत नाही.

एका माशीच्या जोडीपासून हंगामाअखेर किती अब्ज माश्या होतील, अशी गणितं जुन्या पुस्तकांत हौसेनं मांडलेली असतात. ती माणसाला घाबरवतात, समजावत काहीच नाहीत. खरा प्रश्न ढीग किती दिवस ओला राहतो हा आहे.

आता उपद्रवाकडे वळू, आणि इथे पुरावा नीट तोलायला हवा. माशीवरचा आरोप सिद्ध आहे. १८९८च्या स्पॅनिश-अमेरिकन युद्धाच्या वेळी अमेरिकेच्या स्वतःच्याच छावण्यांत २० हजारांहून अधिक सैनिकांना विषमज्वर झाला. वॉल्टर रीड यांच्या चौकशी मंडळानं ज्या गोष्टींवर बोट ठेवलं, त्यांत माशी होती: शौचाच्या खड्ड्यांत टाकलेल्या चुन्यानं पाय पांढरे झालेल्या माश्या भोजनाच्या तंबूत अन्नावर चालताना दिसत होत्या. माशीच्या पोटात रोगजंतूंचं चक्र पूर्ण व्हावं लागत नाही, डासाच्या पोटात हिवतापाचं होतं तसं. ती केसाळ पायांवरून, आणि आधी सांगितलेल्या त्या बाहेर काढलेल्या थेंबातून जंतू नुसते इकडून तिकडे नेते. तिची अळी घाणीत आणि तिचं स्वतःचं जेवण आपल्या ताटात, दोन्हींमध्ये दिवसातून कितीही फेऱ्या. धोका या ये-जा करण्यात आहे. विष्ठा आणि अन्न यांच्यात अंतर ठेवता आलं तर तीच माशी फारशी धोक्याची राहत नाही.

माशी कमी केली तर आजार किती कमी होतो? यावर मोजके पण चांगले प्रयोग झाले आहेत. इस्रायलच्या लष्करी तळांवर सापळे लावून माश्या घटवल्या, तेव्हा शिगेला जंतूमुळे होणारी आव सुमारे ८५ टक्क्यांनी उतरली. हा निष्कर्ष १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याच नियतकालिकात १९९९ साली पाकिस्तानातल्या खेड्यांवरचा अभ्यास आला: माश्यांविरुद्ध फवारणी केलेल्या गावांत मुलांची हगवण २३ टक्क्यांनी कमी. गांबियातल्या त्याच वर्षीच्या अभ्यासात खुपऱ्यांचे नवे रुग्ण मोठ्या प्रमाणात घटले. तिथली दोषी माशी घरमाशीची बहीण, डोळ्यांवर बसणारी. या आकड्यांतला फरक बोलका आहे. शिस्तीच्या तळावर पाणी, हात, भांडी यांची काळजी आधीच घेतलेली असते, तेव्हा उरलेली वाट माशीची. खेड्यात पाण्यातून आणि हातांतूनही जंतू येतच राहतात, म्हणून तिथला फायदा लहान. पण मुलांच्या हगवणीत चौथ्या हिश्शाच्या आसपास घट ही लहान म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही.

फवारणीचा इतिहास मात्र निराशेचा आहे. डीडीटी दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र वापरात आलं आणि १९४६-४७ मध्येच स्वीडन आणि इटलीत त्याला न जुमानणाऱ्या घरमाश्या सापडल्या. त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक औषधाची हीच कथा. दहा दिवसांची पिढी आणि शेकड्यांनी अंडी असलेल्या प्रौढावर विष मारत राहणं म्हणजे विषाला टिकणाऱ्या माश्या निवडून वाढवणं.

फुलपाखराच्या बाजूचा हिशेब कुणी मांडत नाही, तो मांडायला हवा. विदर्भातल्या संत्रा उत्पादकाला किंवा मोसंबीची कलमं करणाऱ्या रोपवाटिकावाल्याला लिंबू फुलपाखरू हौसेचं वाटत नाही. त्याच्या दृष्टीनं ती पानं खाणारी अळी आहे. मोठ्या झाडाला चार पानांचं काही वाटत नाही, पण वीतभर रोपावर शेवटच्या टप्प्यातल्या तीन-चार अळ्या बसल्या तर दोन दिवसांत नुसती काडी उरते. म्हणून रोपवाटिकेत सकाळी अळ्या हातानं वेचतात, किंवा निंबोळी अर्क, जिवाणूजन्य कीटकनाशक फवारतात. २००४ साली हे फुलपाखरू कॅरिबियन बेटांवर, डॉमिनिकन प्रजासत्ताकात आढळलं आणि तिथून शेजारच्या बेटांवर पसरलं. तिथल्या शेतीखात्यांनी त्याची नोंद परकी कीड म्हणूनच केली. सुंदर प्राणी उपद्रवी नसतो ही समजूत निव्वळ शहरी आहे.

परागीकरणात तर पारडं आणखी हलतं. फुलपाखराचं फुलाशी नातं जगजाहीर, पण लांब सोंड खाली सोडून उभं राहणाऱ्या फुलपाखराचं अंग परागकोशापासून दूर राहतं, आणि बऱ्याच फुलांत ते मध पिऊन फारसा पराग न घेताच जातं. नळीच्या, त्याच्या बेताच्या फुलांना ते उपयोगी पडतं हे खरं. सगळ्या फुलांचं तारणहार नव्हे. उलट आंब्याचा मोहोर पाहा. हजारो इवली, उघडी, उथळ फुलं, मध वरच. आखूड सोंडेला सोयीचं. त्यांतली बरीचशी नर, फळ धरू शकणारी थोडी, म्हणजे पराग हलवणारा हवाच. मोहोरावर मधमाश्यांच्या बरोबरीनं, कित्येक बागांत त्यांच्याहून जास्त, माश्याच असतात: घरमाश्या, हिरव्या-निळ्या माश्या, फुलांवर जागच्या जागी तरंगणाऱ्या पट्टेरी माश्या. मोहोराच्या दिवसांत माश्या बागेत याव्यात म्हणून कुजकी मासळी किंवा मांस टांगण्याची रीत काही देशांतल्या आंबा बागायतदारांत आहे. देवगड-रत्नागिरीच्या बागांत मोहोरावर अंदाधुंद औषध मारताना हा हिशेब डोळ्यांसमोर असायला हवा. २०१६ साली जगभरच्या ३९ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं, त्यात पिकांच्या फुलांना मिळणाऱ्या भेटींपैकी चौथा हिस्सा ते निम्म्या भेटी मधमाश्या आणि त्यांच्या कुळातल्या माश्या सोडून इतर कीटकांच्या निघाल्या. त्यांत फुलपाखरं आहेत, भुंगेरे आहेत, आणि माश्या भरपूर आहेत.

पावसाळा संपता संपता गावाबाहेरच्या रस्त्यावर, बैलांनी मुतलेल्या ओल्या जागेवर हे दोघं एकत्र दिसतात. लिंबू फुलपाखराचे नर सोंड मातीत खुपसून बसतात, त्यांच्या पायांत माश्या. दोघंही तिथे एकाच कामासाठी आलेले असतात: पानांत आणि मधात सोडिअम नगण्य, मूत्रात भरपूर. काही फुलपाखरांत आणि पतंगांत नर हे मीठ मीलनाच्या वेळी मादीला देतो आणि ते अंड्यांत उतरतं, असं सिद्ध झालं आहे. त्या ओल्या पट्ट्याचा फोटो काढताना माश्या हाकलून फक्त फुलपाखरं चौकटीत घेणारे मी पाहिले आहेत. असा फोटो अपुरा असतो.

हाच अपुरेपणा ज्ञानातही आहे, आणि या आढाव्यात मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट ती. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत बिंगहॅमचे फुलपाखरांचे खंड १९०५ आणि १९०७ साली आले. घरमाशीच्या कुळावरचा व्हॅन एम्डेन यांचा खंड यायला १९६५ उजाडलं. आज आयझॅक किहिमकर यांचं २००८चं पुस्तक हातात घेऊन कुणीही फुलपाखरं ओळखायला शिकू शकतो, ठाण्याच्या ओवळेकर वाडीत जाऊन पाहू शकतो. माश्यांसाठी अशी सोय नाही. ब्रिटनमध्ये फुलपाखरांची पद्धतशीर मोजणी १९७६ पासून अखंड चालू आहे, म्हणून तिथली घट वर्षागणिक दाखवता येते. जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या हौशी अभ्यासकांनी २७ वर्षं सापळ्यांत सापडलेल्या सगळ्याच उडत्या कीटकांचं वजन केलं, आणि २०१७ साली ७६ टक्के घट जाहीर झाली तेव्हा जग हादरलं. ही घट फक्त फुलपाखरं मोजून कळली नसती. घरमाशीला संरक्षण नको, ती आपल्या कचऱ्यावर सुखात आहे. पण तिच्या कुळातल्या ज्या शेकडो जाती जंगलातलं शेण, मेलेलं जनावर, गळलेली फळं मातीत मिसळतात, त्या टिकल्या की गेल्या हे सांगायला आपल्याकडे आकडेच नाहीत. जैवविविधतेच्या नोंदवह्यांत गावोगाव फुलपाखरांच्या याद्या भरल्या जातात. त्यात माश्यांचं एक पान तरी असावं, निदान कुळापर्यंत ओळख करून. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना हे आजही जमण्यासारखं आहे.

घरापुरतं सांगायचं तर दोन्ही प्रश्नांचं उत्तर अळीपाशी आहे. फुलपाखरं यावीत म्हणून लोक घाणेरी, एक्झोरा, पेंटास लावतात. ती प्रौढाची खाणावळ झाली; घर हवं तर लिंबू, कढीपत्ता, बेल लावायला हवा आणि त्याची पानं खाल्ली जाणार हे मान्य करायला हवं. फुलझाडांची रांग लावून कढीपत्त्यावर औषध मारणाऱ्या बागेत फुलपाखरू पाहुणं म्हणूनच येणार. माश्यांच्या बाबतीतही रॅकेट आणि फवारा ही प्रौढाशी झटापट आहे. शेणाचा ढीग झाकून, दाबून ठेवला की आतली उष्णता अळ्यांना सोसत नाही. शेण पातळ थापून उन्हात टाकलं की ते अळी पोसण्याआधी सुकतं, गोवऱ्या थापणाऱ्या बाया हे कितीतरी पिढ्या करत आल्या आहेत. उन्हाळ्यात ओला कचरा आठवड्यातून दोनदा हलवला, तर त्यात पडलेलं अंडं माशी होण्याइतका वेळ तिथे राहत नाही.

आणि कढीपत्त्यावर हिरवी अळी दिसली तर तिला राहू द्या. हिरवी झाली म्हणजे तिचा शेवटचा टप्पा चालू आहे. चार-पाच दिवसांत ती आपणहून खाणं थांबवून कोष करायला जाईल, आणि कढीपत्ता पुन्हा फुटेल.